पंचावन्न

डॉक्टर म्हणाले, चौथ्या-पाचव्या मणक्यात गॅप आहे.
मी म्हटलं, असंल.
लातूर-निलंगा एकवीस वर्षं उभ्यानं तिकिटं दिली,
खड्डे काय फक्त रस्त्यालाच पडणार?

लेकीनं पैसे भरले, मला न विचारता.
औसा रोडला, नीटच्या क्लासवरचा मजला.
जिन्यात पोरांच्या चपलांचा ढीग,
त्यातनं वाट काढत वर गेले
लेकीचीच ट्रॅकपँट घालून.
दोनदा खिसा चाचपला. खिसाच नव्हता.

शिकवणारी उज्मा, चोवीसची असंल.
"काकू, आधी कधी केलंय?"
नाव तर आत्ता ऐकायले, म्हटलं.
लेक म्हणती पिलेट्स, डॉक्टर म्हणतो पायलेट्स,
तू म्हणतीस पिलाटीस.
पाट्या तीन, गाडी एकच दिसायली.

एक पलंग होता, स्प्रिंगा लावलेला, रुळावर सरकणारा.
त्यावर पडले. तो हलला.
माझा डावा हात आपसूक वरच्या दांडीकडं गेला.
दांडी नव्हती. छत होतं.

मग चटईवर, उताणं.
सगळं वजन जमिनीवर सोडा, म्हणाली,
जमीन धरते आपल्याला.
पोरी, लातूरच्या माणसाला हे सांगणं सोपं नाही.
पण ती त्र्याण्णवनंतर जन्मलेली,
तिची काय चूक.
सोडलं. आधी टाचा, मग कंबर.
डावा खांदा काही टेकेना.
ती बॅगेची जागा आहे,
सुट्टीच्या दिवशीसुद्धा राखून ठेवलेली.

बेंबी पाठीला चिकटवा, म्हणाली.
हे मात्र मला येतं.
भरल्या गाडीत पुढच्या दारापासून मागच्या सीटपर्यंत जाताना
बाईमाणसानं पोट किती आत घ्यायचं
ते कुठल्याच क्लासात शिकवत नाहीत.
"व्वा काकू!"
शेजारच्या बिराजदार मॅडमनी मान वळवून बघितलं.

"पण श्वास अर्धाच घेताय."
महिलांना अर्धंच असतंय, म्हटलं.
क्षणभर कुणाला कळलं नाही.
मग कोपऱ्यातली कॉलेजची पोरगी फिसकन हसली,
ती एसटीनं येत असणार.

शेवटी शंभर. त्या व्यायामाचं नावच शंभर.
मान उचललेली, पाय हवेत,
हात पाण्यावर थापटल्यासारखे,
आणि मोजायचं.
मला दुसरं मोजणं येतच नाही.
सतरा, अठरा. मांडीवरचं पोर धरायचं नाही.
चव्वेचाळीस, सीटा संपल्या.
पंचेचाळीस, एक म्हातारी, गाठोड्यासकट.
पोट थरथरायलं.
पंचावन्नला हात वर गेला, घंटीची दोरी शोधत.
"काकू, थांबलात कामून?"
भरली गाडी.

सगळ्या हसल्या. मीही.
उज्मा येऊन बाजूला मांडी घालून बसली,
डाव्या खांद्याखाली टॉवेलची घडी सरकवली
आणि हळू म्हणाली,
"कुणी चढलेलंच नाही काकू. तुम्ही एकट्याच आहात."

रिकामी गाडी मी फक्त डेपोत बघितलेली,
रात्री, धुवायला लावलेली.

पंख्याकडं बघत पडून राहिले.
खाली पोरं कसलं तरी सूत्र एका सुरात घोकत होती.
रस्त्यावरनं नऊ पन्नासची गेली, सात मिनिटं उशिरा.
गिअर टाकण्यावरनं भालके असणार.
उठले नाही.
खांदा टेकला का, सांगता येणार नाही.
घडी थोडी गरम झाली होती.

निघताना म्हणाली, गुरुवारी या.
गुरुवारी माझा निलंग्याला मुक्काम.
महानंदाशी ड्युटी बदलता येते का बघते, म्हटलं,
आणि पावती मागितली.
"पैसे ऑनलाइन आलेत की काकू."
असू दे. मी कुणाला तसं बसू दिलं नाही आजवर.

तिनं वहीचं पान फाडलं, तारीख घातली, सही केली.
बॅग नव्हती, खिसा नव्हता.
कागद मुठीत धरून
चपलांच्या ढिगातनं खाली उतरले.