पाठचा

फोर्टेन बाई फॉर्म पुढे सरकवतात.
‘मुलगा गुन्ह्याकडे वळण्याचे कारण’,
आणि त्यापुढे एक रेघ,
माझ्या करंगळीएवढी.

मी सॉल्ट रिव्हरच्या कारखान्यात
शाळेच्या पँटींना खिसे लावते. दिवसाला दोनशे ऐंशी.
खिशात किती मावतं ते मला विचारा.
रेघेचं माहीत नाही.

डेस्लिन माझ्या पाठचा.
मंगळवारी चौदा पुरे झाले. केक नाही आणला,
तोवर तो केंद्रात होता.

केप टाउनचा तो डोंगर आमच्याकडून पाठमोरा दिसतो,
पोस्टकार्डावरची बाजू पलीकडच्यांची.
आमच्या बिल्डिंगपासून शाळा अकराशे पावलं.
मोजलीत मी.
सहाशेव्या पावलाला मैदान लागतं,
गोलपोस्टाचा एकच खांब उरलेलं.
तिथून पुढे दुसऱ्यांची हद्द.
हे कुठल्या नकाशात नाही
आणि इथल्या सहा वर्षांच्या पोराला पाठ आहे.

सातवीत त्याचे बूट तिथेच काढून घेतले.
मोज्यांवर घरी आला, मोज्यांत वाळू,
आणि आई रात्रपाळी करून झोपलेली, म्हणून
दार न वाजवता जिन्यात बसून राहिला.
मी म्हणाले, दुसऱ्या रस्त्याने जा.
दुसरा रस्ता तिसऱ्यांचा होता.

मग वेंडल. एकोणीसचा. पुढचे दोन दात नाहीत,
त्यामुळे हसला की लहान वाटायचा.
सकाळी जिन्यात उभा.
‘जेवलास का?’
मग, ‘चल, सोडतो.’
सोडायचाही. फाटकापर्यंत, वर्षभर, पावसातसुद्धा.
पाठीवर हात म्हणतात तो अक्षरशः असा:
दप्तर आणि मान यांच्या मधे, जाड अंगठीसकट.

त्याने नावही दिलं, प्रोफेसर.
हिशेब तोंडी करायचा ना डेस्लिन.
बाहेर गोळ्या सुटल्या की ॲडोनिस बाई
सगळा वर्ग बाकांखाली झोपवून पाढे म्हणून घ्यायच्या,
सात सत्ते एकोणपन्नास, सात आठे छप्पन्न,
आवाज थांबेपर्यंत.
त्याचे एकोणतीसपर्यंत झाले होते.
घरी आम्ही त्याला ‘अरे’ म्हणायचो.

आधी पैसे मोजायला बसवलं. मग निरोप न्यायला.
मग गच्चीवर, त्याच्या कबुतरांच्या खुराड्याखाली,
फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी.

आणि हे कुठे लिहू, बाई:
जूनच्या थंडीत आमचं मीटर संपलं.
आईचा पगार शुक्रवारी, तो सोमवार.
तो उठून बाहेर गेला, विजेची चिठ्ठी घेऊन आला,
वीस आकडे न अडखळता दाबले, एकदाच वाचून.
दिवा लागला. सूप गरम झालं. मी दोनदा वाढून घेतलं.
त्या उजेडात मी त्याच्याकडे नीट पाहिलं
आणि पैसे कुठले ते विचारलं नाही.
विचारलं असतं तर दिवा मालवावा लागला असता.

पेन उचलते. लिहिते: शाळेत जायचं होतं.
फोर्टेन बाई वाचतात, चष्मा काढतात,
हे कारण नाही होत, म्हणतात. हळूच.
बाई वाईट नाहीत. खोडायला
पांढऱ्या शाईची बाटलीसुद्धा देतात.

आज सकाळी जिन्यात वेंडल होता.
समोरच्या क्विंटनला, अकरा वर्षांच्या, बूट नवे,
विचारत होता, ‘जेवलास का?’
मी वरच्या पायरीवर, हातात चपला.

माझी पाळी साडेसातला लागते.
शाळा पावणेआठला भरते.