पाखरांचा रकाना

रेडिंग. गालिच्यांच्या दुकानावरचा दुसरा मजला.
हीटर नुसता खोकतो, तापत नाही.
टेबलावर सिएरा लिओनचा नकाशा,
गुंडाळून जाऊ नये म्हणून चार कोपऱ्यांवर चार मग,
त्यातल्या एकाचा चहा समुद्रात सांडलाय.

दहा वर्षांत देश तांदळात स्वयंपूर्ण करायचा आहे.
शुक्रवारपर्यंत.

अ‍ॅलिस्टर पडद्यावर आलेख दाखवतो:
निळी रेघ म्हणजे पोटं, हिरवी म्हणजे पीक,
आठव्या वर्षी हिरवी निळीला गाठते
आणि तिथे त्याने एक छोटा तारा काढलाय.
सगळे ताऱ्याकडे बघतात.
मी तळटीप शोधतो. तळटीप नाही.

"हे टन कशाचे?"
"राइसचे."
"धानाचे की तांदळाचे?"
राइस म्हणजे राइस, तो म्हणतो.

आता याला कुठून सांगायला सुरुवात करू?
माझा बाप आमगावच्या राईस मिलमध्ये तोलारी होता.
बांधीत उभं ते धान,
गिरणीतून पडतो तो तांदूळ,
ताटात वाफाळतो तो भात,
तिघांचे भाव वेगळे, तिघांवरची भांडणं वेगळी.
क्विंटलभर धान ओतलं
की बासष्ट-त्रेसष्ट किलो हाती लागायचं,
बाकी कोंडा, चुरी
आणि बापाच्या भुवयांवर बसलेली धूळ.
बाजारात तुरी म्हणतात ना,
इथे तर बाजारही पडद्यावरच.

मी एका चौकटीत जाऊन
शून्य पूर्णांक त्रेसष्टने गुणलं.
हिरवी रेघ मुकाट खाली बसली.
तारा वरच राहिला, कुणाचाच नसलेला.

बाइंदू स्वारे हसली.
मंत्रालयातून आलेली, मूळची केनेमाची.
तीन दिवस हातमोजे न काढता टिपणं घेत होती.
"आमच्या बाजारात," ती म्हणाली,
"तुसासकट की तूस काढून, हे न सांगता कुणी भाव केला
तर बाई हातातलं माप हिसकावून घेते."

मग तिनेच विचारलं,
"पाखरांचा रकाना कुठाय?"

बियाणं होतं, खत होतं,
दलदलीसाठी चारशे पॉवर टिलर होते,
दलालीसुद्धा 'इतर'मध्ये अंग चोरून बसली होती.
पाखरं नव्हती.

"नुकसान किती टक्के धरू?" अ‍ॅलिस्टरने अदबीनं विचारलं.

"हाकणारं कुणी असेल तर थोडं.
पण हाकणारं कोण असतं, ते लिहा.
दाणा दुधात येतो सप्टेंबरात.
शाळा उघडते सप्टेंबरात.
मी चौथी दोनदा केली."

खाली दुकानात कुणी तरी गालिचा उलगडला,
धप्प.

अ‍ॅलिस्टर वाईट माणूस नाही.
त्याने नवा रकाना उघडला,
मथळा लिहिला, खोडला, पुन्हा लिहिला,
खाली उणे सात टाकले
आणि आमच्याकडे पाहिलं,
पाहुण्यानं मीठ बरोबर आहे का विचारावं तसं.
बाइंदूने मान हलवली.
ती होकाराची होती की नुसती अवघडली होती,
मला कळलं नाही.

संध्याकाळी केनेटच्या काठाकाठानं स्टेशनकडे निघालो.
गवतावर शंभरेक हंसबदकं, गुबगुबीत,
कुणाच्या बापाला न भिणारी.
बाइंदू थांबली. हातमोजे काढून खिशात कोंबले,
तळवे ओठांशी नेले
आणि असा आवाज दिला,
हाळी नव्हे, शीळ नव्हे,
मचाणावरून गोफणीमागे आम्ही सोडायचो
त्याची सख्खी बहीण,
की अख्खा थवा फडफडत पाण्यावर गेला.

कुत्रं फिरवणारा म्हातारा जागीच थबकला.
"सॉरी," ती त्याला म्हणाली.
मला म्हणाली, "तीस वर्षांनी."

बोटं लाल झाली होती तिची. फुंकर घालत उभी राहिली.
हंसबदकांनी पुलापर्यंत एक फेरी मारली
आणि परत त्याच गवतावर उतरली,
त्याच जागी, माना खाली.

"बघ," बाइंदू म्हणाली,
"दिवसभर करावं लागतं."