उजवी कूस

अडीच वाजता ती येते.
दार वाजवत नाही. घरचीच असल्यासारखी
दंडातून वर चढते, खांद्याच्या खोबणीत बसते
आणि पाय हलवत राहते.

मी उठून बसते. एक उशी कोपराखाली,
दुसरी पोटाशी, तिच्यावर हात,
तेलावीच्या डॉक्टरीणबाईंनी शिकवलं तसा.
पलीकडे गुराम घोरतो.
बत्तीस वर्षं त्याच्याकडे तोंड करून झोपले, उजव्या कुशीवर.
आता पाठ करते,
तर सकाळी विचारतो, 'रागावलीस का?'

खांदा गोठलाय, म्हणाल्या बाई.
मी हसलेच.
तेवीस वर्षं तोनेत वाकते आहे मी,
गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेल्या माठासारखी ती भट्टी,
तळाशी निखारे, आतल्या अंगाला पिठाच्या होड्या थापायच्या;
कमरेपासून वरची मी रोज आगीत असते.
गावात शेवटी गोठणारं माणूस मीच.
'किती दिवस?'
'वर्ष. दीड. कुणाला दोन. आपोआप सुटतो.'
आपोआप! कणीकसुद्धा आपोआप फुगत नाही, बाई,
तिलाही ऊब लागते.

मक्वाला चाचा घेऊन आली,
द्राक्षांच्या चोथ्याची, नाकातले केस जाळणारी.
निम्मी खांद्याला चोळली, निम्मी दोघींनी प्यायलो.
त्या रात्रीही कळ आली,
पण मला तिचं नाव आठवेना.

हात वर केले असते केव्हाच,
तर तेवढाही तो वर जात नाही.
वेणीला पोचत नाही, पाठीवरच्या हुकाला पोचत नाही.
देवळात क्रूस करताना
कपाळालाच खाली यावं लागतं बोटांच्या भेटीला.
लोक म्हणतात, नाझिब्रोला हल्ली फार भाविक झाली.

तीन वाजता जिना उतरते.
भट्टीमागची भिंत अजून कोमट असते.
पिठाच्या पोत्यावर बसून तिला पाठ लावते.
भिंत घोरत नाही. काही विचारत नाही.
शिळ्या पावाला वाफ दिल्यासारखा
खांदा जरा मऊ पडतो. जराच.

मग बोटं चालवायची चौकटीवर,
मुंगीसारखी, पिठात बुडवून,
कळ ओरडेल तिथे थांबायचं.
त्याच चौकटीवर लाशाच्या उंचीच्या पेन्सिलरेघा:
पाच वर्षं, सहा, सात.
माझे पांढरे ठसे सहाच्या वर, सातच्या खाली.
तो झोपेत वाढतो, मी जागून.
काल आपला तळहात आडवा धरून मोजत होता:
'बेबो, अजून चार बोटं!'

पावणेचारला सून येते.
तमुनाला आगीची भीती वाटते, ती सांगत नाही,
मी विचारत नाही.
डाव्या हाताने गोळा पुढे करते.
'श्वास रोखून वाक. डोळे मिटू नकोस.'
ती वाकते,
आणि माझा उजवा खांदा, कुणी न सांगता,
जागच्या जागी तिच्यासोबत अर्धा वाकतो,
चमकतो, थांबतो.

पहिला पाव निखाऱ्यात पडला.
दुसरा चिकटला.