मेंढी व्याली का?

मासेरूहून आलेल्या साहेबाने टॅबलेट उघडला.
म्हणाला, मजकूर तयार आहे, तुम्ही फक्त नंबर भरा, सिस्टर.
'आपली गोळी घेण्याची वेळ झाली. – दवाखाना.'
हा वाजणार कुठे? मी विचारलं.
रुग्णाच्या फोनवर, म्हणाला.

रुग्णाचा फोन!
आमच्या डोंगरात एका फोनला सात कान.
सकाळी तो सासऱ्याच्या खिशात,
दुपारी दुकानात चार्जिंगला,
आणि दुकानदार इतका भला
की कुणाचाही मेसेज आला तरी
गिऱ्हाइकांसमोर मोठ्याने वाचून ठेवतो.

मग मी दार लोटून एकेकाला विचारत बसले,
तुला काय लिहू?
एक म्हणाली, चर्चमध्ये गाण्याची तालीम आहे म्हण.
एका मेंढपाळ पोराने घोंगडी नाकापर्यंत ओढली:
नुसता ठिपका पाठव.
एकीला काहीच नको होतं. तिला मी काहीच पाठवत नाही.
मपालेसा (हे तिचं नाव नव्हे)
बाळाची बोटं मोजत राहिली, मग म्हणाली,
विचार, मेंढी व्याली का?
हो म्हटलं, तर घेतली समज.

सात महिने तिची मेंढी
दर शुक्रवारी व्याली.
मासेरूच्या पडद्यावर ती हिरवीगार.

जूनमध्ये, बर्फ पडलं त्या आठवड्यात, उत्तर आलं:
कुठली मेंढी? कोण तू?

खरं लिहावं तर ती उघडी पडते.
सतरा वर्षांत एका गोळीचा हिशेब
मी खोटा लिहिलेला नाही.
लिहिलं: माफ करा, चुकीचा नंबर लागला.

पडद्यावर ती लाल झाली.
कारण निवडा, म्हणाला पडदा:
स्थलांतर. मृत्यू. इतर.
'इतर'वर बोट ठेवलं
आणि तट्टावर खोगीर चढवलं.

थेट तिच्याच दारात उतरले असते
तर गावाने मलाही मेसेजसारखं वाचलं असतं.
म्हणून वाटेतल्या अकरा घरांत
पोरांची वजनं करत गेले.
बाराव्या घरी बाळ काट्याला लोंबकळत रडत होतं,
त्या रडण्याआड ती पुटपुटली,
नवरा खाणीवरून आलाय, फोन त्याच्याकडे.
मंगळवारीच संपल्या.

बाळाला दुपट्यात गुंडाळताना
पुडीही गुंडाळली.

किती भरलं? चुलीपासून सासूने विचारलं.
साडेसात किलो, मी म्हणाले.
तेवढं तरी खरं होतं.