वाढ नाही

दुखत काहीच नव्हतं.
जळजळ नाही, ताप नाही, कळ नाही.
सोळाव्या आठवड्याची नेहमीची बाटली
मी हातमोज्यात गुंडाळून नेली
एकोणीस नंबरच्या बसने,
अंगाइतकीच कोमट.
ॲबरडीनची थंडी काचेला नाक लावून बघत होती.

मंगळवारी एलीचा, माझ्या मिडवाइफचा फोन:
जंतू आहेत. तुला जाणवत नाहीत, पण आहेत.
वर किडनीकडे चढायच्या आत घालवू.
म्हणजे कुणी बिऱ्हाड थाटलेलं माझ्याच घरात,
आणि मलाच पत्ता नाही.

दिवसाला दोन, सात दिवस, खाल्ल्यावर.
औषधवाल्याने पैसे घेतले नाहीत, इथे घेत नाहीत.
म्हणाला, रंग गडद होईल, घाबरू नकोस.

अकोल्याहून आई: धण्याचं पाणी पी.
गोळ्या कशाला असल्या दिवसांत?
आणि 'लघवी' म्हणताना तिचा आवाज खाली गेला,
बाबा बाहेरच्या खोलीत असणार.
मी मात्र युनियन स्ट्रीटवर, भर गर्दीत,
मोठ्याने म्हणाले, लघवी, आई, लघवी.
एक सीगल तेवढा वळून बघून गेला.

सुहृद समुद्रात, तेलाच्या रिगवर, अजून अकरा दिवस.
ओट्याशी उभी मी, हातात पहिली कॅप्सूल,
बशीत पोहे निवत चाललेले.
पत्रकातली बारीक अक्षरं दोनदा वाचली.
मग पोटाला म्हटलं,
तुला विचारता येत नाही,
तेव्हा मीच ठरवते.
गिळली.

चौथ्या दिवशी सोडून द्यावीशी वाटली.
दुखतच नव्हतं, तर बरं वाटणार कुठून?
पण पाकिटावर मी पेनाने वार लिहून ठेवले होते.
शनि गेला. रवि गेला. सोम.
मंगळची सकाळ, शेवटची.

पुढच्या आठवड्यात पुन्हा बाटली, पुन्हा एकोणीस नंबर.

फोन आला तेव्हा मी जिन्यात, हातात दुधाचा कॅन.
"नो ग्रोथ!" एली म्हणाली, आनंदाने.
वाढ नाही.
पायरीवरच बसले.
दूध कुठे ठेवलं, आठवत नाही.
"अगं, बाटलीत! जंतूंची!"
ती म्हणते, दोनच सेकंद गेले मध्ये.
तिच्या घड्याळात गेले असतील.

आईला सांगताना मी शब्द बदलला:
साफ आहे सगळं.
"बघ," आई म्हणाली, "धण्याचं पाणी लागू पडलं."
मी हो म्हटलं.