पाय धरणारा

(डंडी, स्कॉटलंड, १८७१)

लोक पाय धरतात ते क्षमेसाठी, नाहीतर नोकरीसाठी.
माझी तर नोकरीच पाय धरायची होती.
सोळा वर्षं. आठवड्याला सहा शिलिंग
आणि शनिवारी मटणाचा रस्सा.

त्याआधी धक्क्यावर होतो, देवमाशाची चरबी उतरवायचो.
निसटतं ते धरायची सवय तिथली.
डॉक्टर लॉरिमरनी माझे पंजे पाहिले
घोड्याचे दात पाहावेत तसे,
म्हणाले, सोमवारपासून ये.

इस्पितळाच्या माळ्यावर काचेचं छत, खाली लाकडी टेबल,
टेबलाखाली भुशाची पेटी.
एक हात घोट्याच्या वर, एक गुडघ्याखाली.
जाणारा पाय थोरल्या टॅमकडे.
मी उरणारा पाय धरायचो.

विद्यार्थी खिशातली घड्याळं काढून उभे.
दोन मिनिटं दहा सेकंद. टाळ्या.
मला वाटे, काय ही शर्यतीची हौस.
घाई एवढीच दया तेव्हा डॉक्टरांच्या हातात होती,
हे फार उशिरा कळलं.

माणूस मला पायातून कळायचा.
खलाशी शिव्या देत, पण त्यांचे पाय लवकर हार मानत.
बायका दात आवळून गप्प,
आणि पोटरीतून माझ्या तळव्यात एक थरथर,
गिरणी सुरू असताना भिंतीला हात लावावा तशी.
एका शिंप्याने माझे दोन दात पाडले,
बरा झाल्यावर जाकीट शिवून दिलं.
अजून आहे. काखेत काचतं.

मग सत्तेचाळीसच्या फेब्रुवारीत ती बाटली आली.
गोडूस वास, डोकं जड करणारा.
टेबलावर एल्स्पेथ मकॅरा, सुताच्या गिरणीतली,
सतरा वर्षांची, पाऊल यंत्रात चेचलेलं.
श्वास घे म्हणाले. घेतला. खोकली,
हवेत कुणाला तरी ढकललं, आणि सैल पडली.

मी धरून होतो
कुठेच न जाणारा एक पाय.
करवतीचा आवाज मी त्या दिवशी ऐकला.
सोळा वर्षांत पहिल्यांदा.

सोड आता, डॉक्टर म्हणाले.
मला सोडवेना.
टाळ्या वाजवायचं कुणाला सुचलं नाही.

जागी झाली आणि म्हणाली,
माझा दुसरा मोजा कुणी घेतला? आईने विणलाय.
टॅम सांगतो, डॉक्टर भिंतीकडे तोंड करून रडले.
मी पाहिलं नाही. मी भुशात मोजा शोधत होतो.

नवव्या दिवशी ती तापात गेली.
जखमेचा तो वास आम्हा सगळ्यांच्या ओळखीचा,
त्यावर बाटली नव्हती.
डॉक्टरांचा कोट तोच,
वाळल्या रक्ताने खळ दिल्यासारखा ताठ.

पुढे सुरी धीट झाली. सावकाश चालू लागली,
खोल जाऊ लागली, पोटातसुद्धा,
कारण आता कुणी ओरडत नव्हतं.
आणि तळघरातलं मुडद्यांचं दार
पूर्वीपेक्षा जास्त वेळा उघडू लागलं.
आकडे मला ठाऊक नाहीत.
बिजागरीला तेल मी घालायचो, म्हणून माहीत.

मला कुणी काढलं नाही. फक्त बोलावणं थांबलं.
आता फाटकाशी बसतो.
परवा एक कोवळा डॉक्टर आला,
कसल्याशा उग्र पाण्याचा फवारा घेऊन,
दिसेल त्याला हात धुवायला लावतो.
आजोबा, तुम्हीही.
मी म्हटलं, मी आता कशालाच हात लावत नाही.
तरी धुवा, म्हणाला.
धुतले. कातडी सोलली, वास दोन दिवस गेला नाही.
एल्स्पेथच्या वेळी हा मुलगा जन्मला होता की नाही कोण जाणे.

घरी जेनेट कुरकुरते.
म्हणते, रात्री झोपेत तू माझा घोटा धरतोस,
इतका घट्ट, की सकाळी बोटं उमटलेली असतात.
मी म्हणतो, मग झटकायचा पाय.

म्हणते, झटकला की
आणखी घट्ट धरतोस.