श्वास सोडा, मग माप

नाना पेठेत बाबांचं दुकान होतं, माळवदे टेलर्स.
एक मशीन, एक आरसा, आरशाला तडा.
गिऱ्हाईक पोट आत घेऊन उभं राहिलं
की बाबा टेप गळ्यात टाकून गप्प थांबायचे.
"श्वास सोडा, मग माप घेतो."

मी आता पाषाणला खिसे मोजते.
क्षयाच्या जंतूचं एक विकर,
त्याच्या कुशीत एक खोबण,
या काठापासून त्या काठापर्यंत नऊ अँगस्ट्रॉम.
इंदूरहून आलेला निळ्या जाळीचा नकाशा
पडद्यावर फिरवत बसते:
हा सेरीन, हा वाकलेला हिस्टिडीन,
आणि तळाशी पाण्याचा एकच रेणू,
तीन बंधांनी जागा धरून,
पीएमटीत खिडकीपाशी बसलेल्या म्हाताऱ्यासारखा.

त्याला उठवायचं,
त्याच्या जागी आपलं काहीतरी बसवायचं,
म्हणजे जंतूचं काम अडेल.
एवढंच. एवढ्यासाठी पावणेचार वर्षं.

सतरा नंबरचा रेणू पडद्यावर असा चपखल बसला
की तस्नीमने कॅम्पातून सगळ्यांना मावा केक आणले.
नळीत विकराने त्याला ओळखही दाखवली नाही.

त्या रात्री युनिव्हर्सिटी चौकात, लाल सिग्नलला,
मला ते गिऱ्हाईक आठवलं, पोट आत घेतलेलं.
उणे एकशे त्र्याहत्तरवर गोठवलेलं प्रथिन
क्ष-किरणांसमोर दम रोखून उभं,
आणि आम्ही तेच माप वहीत लिहून घेतलेलं!
ऊब मिळाली की ते हलतं.
खोबणीवरची एक दुमड उघडते, मिटते,
पुन्हा उघडते, जराशी तिरकी.
मागून हॉर्न वाजले. सिग्नल केव्हाच सुटला होता.

बाबा शिवणीत दोन बोटं कापड दाबून ठेवत.
"माणूस भरतो, वाळतो. कपड्याला ते ठाऊक असावं."
मी म्हटलं, टोकाचा एक बंध सैल ठेवू या.
वाघोलीकर सर म्हणाले, सैल शेपूट महाग पडते,
एन्ट्रॉपीचा भुर्दंड कोण भरणार?
हिशोब त्यांचा बरोबरच होता.
तस्नीमने तरी करायला घेतला.
तीनदा फ्लास्कमध्ये डांबर झालं.
चौथ्यांदा तळाशी पांढरं पीठ, चिमूटभर.

एक्केचाळीस नंबर.
हजाराच्या पुढचा आकडा सहावर आला. सहा नॅनोमोलर.
नव्या नकाशात खिडकीपाशी म्हातारा नव्हता.

या वेळी केक कुणी आणले नाहीत.
जंतूची भिंत जाड, मेणकट.
हा आत शिरेल का, शिरलाच तर टिकेल का,
माणसाचं यकृत काय म्हणेल,
काहीच माहीत नाही.
नळीतलं विकर अडलंय, इतकंच.

रविवारी बटणांच्या डब्यात
बाबांचं अंगुस्तान सापडलं.
मधल्या बोटात घालून पाहिलं. सैल होतं.
काढलं नाही. तसाच चहा केला.